ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं – डिस्क बदलू की आधी आणखी काही बघू?

शेवंती
नमस्कार मंडळी. गाडी २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क मागे ड्रम, ७० हजाराच्या वर चाललीय. रोज साखळीहून वेर्ण्याला जाते, माशेल-बाणस्तारी करून जुने गोवे, मग बायपास, बांबोळी आणि नवा झुवारी पूल. हल्ली असं होतंय की ८० च्या आसपास असताना ब्रेक मारला की स्टिअरिंग डावी-उजवीकडे थरथरायला लागतं, हातातल्या बांगड्या वाजतात इतकं. ६० च्या खाली आलं की जवळजवळ बंद. ब्रेक न मारता ८० नाही ९० ला चालवा, काहीही होत नाही. पुलावरून कुठ्ठाळीकडे उतरताना समोर ट्रक असला की ब्रेक लावावाच लागतो आणि तेव्हा सगळ्यात जास्त जाणवतं, खरं सांगते भीती वाटते.

एका गॅरेजात सांगितलं डिस्क आणि पॅड दोन्ही बदला. दुसऱ्याने सांगितलं आधी बॅलन्सिंग करून बघा. चवथीच्या आधी पुढचे दोन टायर नवीन घातलेत, त्यानंतर काही आठवड्यांनी हे सुरू झालं. खर्चाला ना नाही पण भाग बदलून परत तेच नको. कोणाचं ऐकू?

पाटोवरचा
डिस्क गेली. बदला, विषय संपला.

घाटमाथा
बॅलन्सिंगवाल्याचं नका ऐकू ताई. चाक बॅलन्सला नसेल तर स्टिअरिंग ब्रेक न मारताही हलतं, साधारण ८० ते ११० च्या मध्ये कुठेतरी सुरू होतं आणि वेग वाढवला किंवा कमी केला की जातं. तुमचं फक्त ब्रेकवर होतंय म्हणजे गडबड ब्रेकमध्ये नाहीतर ब्रेक मारल्यावर ज्याच्यावर जोर येतो त्या सस्पेन्शनच्या सांध्यात. एक गोष्ट सांगा, थरथर हातात जास्त की सीटमध्ये? पेडल पायाला उसळी मारतं का?

शेवंती
@घाटमाथा हातात जास्त. पेडलला थोडी धडधड आहे पण हातात त्याच्या तिप्पट. सीटमध्ये काही नाही.

गॅरेजकाका
हातात जास्त म्हणजे पुढची चाकं. सीटमध्ये, कमरेखाली जाणवलं असतं तर मागचे ड्रम बघायला सांगितलं असतं. मागचं आहे का पुढचं हे पक्कं करायचं असेल तर मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागे पुढे कोणी नसताना, ४०-५० च्या वेगात हँडब्रेकचं बटण अंगठ्याने दाबून धरून हळूहळू ओढायचं. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर लागतो, तेव्हा थरथरलं तर मागे, नाही थरथरलं तर पुढे. पावसात, वाळूवर, वळणावर हे अजिबात करायचं नाही, आणि बटण सोडायचं नाही, नाहीतर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरते.

आता मुद्द्याचं. मी फोंड्याकडे बरीच वर्षं हेच काम करतोय म्हणून ठामपणे लिहितो. या तक्रारीची गाडी आली की डिस्क काढायच्या आधी मी तीन गोष्टी बघतो. चाकाचे नट किती घट्ट आहेत. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) स्लाइड पिना हाताने सरकतात का. आणि लोअर आर्मचे (चाक धरणारा खालचा दांडा) बुश, म्हणजे सांध्यातली रबरं, पहारीने उचलून बघतो किती खेळतात. तुम्ही टायर बदलल्यानंतर सुरू झालं म्हणता तिथेच माझे कान टवकारले. टायरच्या दुकानात एअर गनने नट मारतात, एक नट जास्त घट्ट, शेजारचा कमी. चाक, डिस्क आणि हब (ज्याच्यावर चाक बसतं तो भाग) हे तिन्ही एकमेकांवर सपाट बसलेले असतात, नट वेडेवाकडे आवळले की डिस्क त्या दाबाने किंचित तिरकी बसते. लगेच कळत नाही. काही आठवड्यांनी कळतं, तुमच्यासारखं.

पाटोवरचा
काका आदर आहे, पण माझ्या गाडीला सेम टू सेम होतं, डिस्क आणि पॅड बदलले, त्याच दिवशी गेलं. मग हब, नट, बुश कशाला बघायचे? मजुरी वाढवायची फक्त.

लोखंडी_नट
@पाटोवरचा त्याच दिवशी जाणारच, नवीन डिस्क सगळीकडे एकसारख्या जाडीची असते. प्रश्न ५-६ हजार किलोमीटरनंतर काय होतं हा आहे. तुमची परत आली नाही म्हणजे तुमचं हब साफ होतं किंवा बसवणाऱ्याने साफ केलं होतं. सगळ्यांचं तसं नसतं.

वेर्ण्यालाच मशीन शॉपमध्ये आहे, मोजमाप हाच धंदा, म्हणून थोडं खोलात लिहितो. लोक म्हणतात डिस्क तापून वाकडी झाली. बीडाची (ओतीव लोखंडाची) डिस्क रोजच्या वापरात अशी सहज वाकत नाही. बहुतेक वेळा होतं ते असं की डिस्क हबवर एखाद्या केसाइतकी तिरकी बसलेली असते, हब आणि डिस्कच्या मध्ये गंजाचा पापुद्रा असतो किंवा नट चुकीचे आवळलेले असतात. ब्रेक सोडलेला असतानाही पॅड डिस्कपासून अगदी जवळ असतात, त्यामुळे दर फेऱ्याला डिस्कची तीच एक बाजू पॅडला घासून जाते. हजारो किलोमीटर तसं झालं की तिथे डिस्क झिजून पातळ होते किंवा उलट, पॅडचं मटेरियल तिथे बसून जाड होते. थरथर या जाडीच्या फरकाने येते. जाड जागा आली की पॅड जोरात पकडतो, पातळ आली की सैल. दोन-तीन शतांश मिलिमीटरचा फरकसुद्धा हाताला कळतो.

आणि ८० लाच का होतं तेही सांगतो. तुमच्या मापाचा टायर एका फेऱ्यात साधारण पावणेदोन ते १.८ मीटर पुढे जातो. ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते म्हणजे चाक सेकंदाला १२ वेळा फिरतं. पुढच्या चाकाची आणि सस्पेन्शनची स्वतःची हलण्याची लय साधारण १० ते १५ च्या मध्ये असते, दोन्ही जुळलं की स्टिअरिंगपर्यंत पोचतं. ६० ला चाक ९ वेळा फिरतं, लय चुकते, थरथर बंद झाल्यासारखी वाटते. दोष तेव्हाही तिथेच असतो.

अबोली
अच्छा म्हणून का! आमच्याकडे यावरून रोज वाद. मी चालवते तेव्हा काही होत नाही, नवरा चालवतो तेव्हा थरथरते, तो म्हणतो तुला कळतच नाही. आता हे त्याला वाचून दाखवते, मी ७० च्या वर जातच नाही. 😄

घाटमाथा
@अबोली वाद जिंकलात पण गाडी दाखवा. तुमच्याकडेही डिस्कच निघणार.

कुळागर
मी सत्तरीचा, बेळगावला वरचेवर जाणं असतं चोर्ला घाटाने. आमच्या भागात ही तक्रार घरटी एक असेल. माझं निरीक्षण असं की घाट उतरून केरीला आले की लोक लगेच पाण्याच्या ठिकाणी थांबून गाडीवर पाणी मारतात, पावसाळ्यात तर वाटेत धबधबे आहेतच. अख्खा उतार ब्रेकवर पाय ठेवून आलेले असतात, डिस्क इतकी तापलेली असते की चाकाजवळ हात नेला तर झळ लागते, आणि त्याच्यावर थंड पाणी. गरम बीडाला एका बाजूने असं गार केलं तर काय होणार?

घाट तिसऱ्या-दुसऱ्या गिअरवर उतरायचा. ज्या गिअरवर चढलो त्याच गिअरवर उतरायचं हे आमचे जुने ट्रकवाले सांगायचे. ब्रेक लागला तर जरा जोरात, थोडा वेळ, आणि सोडून द्यायचा, म्हणजे डिस्कला गार व्हायला वेळ मिळतो. सतत हलका पाय ठेवणं सगळ्यात वाईट.

लोखंडी_नट
@कुळागर एकदम सहमत. त्यात एक भर. तापलेल्या डिस्कवर गाडी थांबवून ब्रेक दाबून धरू नका. घाट उतरून खाली चेकपोस्टला किंवा सिग्नलला थांबलात तर जिथे पॅड दाबून बसलेत तिथे पॅडचा थर डिस्कवर चिकटतो, तव्यावर घावन चिकटून डाग राहतो तसा. मग दर फेऱ्याला तो डाग पॅडखालून जातो. शक्य असेल तर खाली आल्यावर दोन-तीन किलोमीटर ब्रेक न मारता चालवायची, मग थांबायचं. थांबावंच लागलं आणि जमीन सपाट असेल तर न्यूट्रल करून पाय काढायचा.

रानमोगी
मोपेडवाल्यांना पण सांगा कायतरी. माझ्या १२५ स्कूटरला पुढे डिस्क आहे, ब्रेक मारला की हँडल टक-टक करतं. डिस्क कापून मिळते का?

गॅरेजकाका
@रानमोगी स्कूटरची डिस्क पातळ, ती लेथवर कापायची नसते, वाकली असेल तर बदलायची. पण त्याआधी कोनसेट बघ. गाडी मधल्या स्टँडवर घे, कोणाला तरी मागे बसव म्हणजे पुढचं चाक उचलेल, दोन्ही फोर्क खालून धरून पुढे-मागे ओढ. खडखड खेळ लागला तर हँडलचं बेअरिंग गेलंय किंवा सैल आहे. आपल्या खड्ड्यांत हेच पहिलं जातं. टक-टक एकदाच येत असेल ब्रेक मारताक्षणी तर कोनसेट, चाकाच्या फेऱ्यागणिक येत असेल तर डिस्क.

रानमोगी
एकदाच येतं काका. उद्याच दाखवतो. देव बरें करूं.

खाजन
मी बाणावलीला राहतो, घर समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. आमच्या वाड्यावर जहाजावर कामाला जाणारे बरेच आहेत, त्यांच्या गाड्या आठ-आठ महिने उभ्या. आल्यावर पहिल्या दिवशी ब्रेक मारला की धड-धड-धड. डिस्क बघितली तर पॅडच्या आकाराचा गंजाचा शिक्का पडलेला असतो, बाकी डिस्कला वरवर लाली आणि पॅडखाली खोल डाग. खाऱ्या हवेत आणि आपल्या पावसाळ्यात हे दुसरीकडच्यापेक्षा लवकर होतं. वरवरची लाली पाच-दहा ब्रेकमध्ये निघून जाते, त्याची चिंता नको. पण शिक्का राहिला तर तो निघत नाही, लेथवर घ्यावं लागतं.

घरातल्या माणसाने आठवड्यातून एकदा गाडी काढून थोडी फिरवून आणली तरी पुष्कळ फरक पडतो. आणि गाडी धुतली की लगेच झाकून ठेवू नका, एक चक्कर मारून ब्रेक सुकवून मग ठेवा. उभी ठेवताना सपाट जागा असेल तर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा, ड्रममध्ये लायनर चिकटून बसत नाही.

शेवंती
खूप मदत होतेय सगळ्यांची, मनापासून आभार. @गॅरेजकाका आज ऑफिसहून घरी आल्यावर चारी चाकांजवळ हात नेऊन बघितला (लावला नाही, घाबरू नका). पुढचं उजवं चाक डाव्यापेक्षा स्पष्ट गरम आहे. रिमवर त्याच बाजूला काळी धूळही जास्त. याचा अर्थ काय?

गॅरेजकाका
शाबास. हा अर्ध्या किमतीचा टेस्ट आहे आणि कोणी करत नाही. उजवीकडचा ब्रेक पूर्ण सुटत नाहीय. पिस्टन अडकतोय किंवा, जास्त शक्यता, कॅलिपरची स्लाइड पिन. प्रत्येक कॅलिपरला दोन पिना असतात, रबरी टोपी आत ग्रीस. टोपी फाटली की आत पाणी आणि आपली तांबडी माती, दोन पावसाळ्यांत पिन जाम. मग कॅलिपर मोकळा सरकत नाही, आतला पॅड घासत राहतो आणि बाहेरचा नवाच्या नवा. पॅड काढल्यावर दोन्ही शेजारी ठेवून बघायला सांगा, जाडीत फरक दिसला की पुरावा मिळाला.

आणि पिनेला साधं पिवळं ग्रीस लावू देऊ नका. ते रबर फुगवतं, सहा महिन्यांनी पिन पुन्हा अडकते. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस येतं, छोटी पुडी असते, तीच लावायची. काही गाड्यांत दोन पिनांपैकी एकीला टोकाला रबरी बाही असते, ती वरची आणि खालची बदलून बसवली तरी त्रास, काढताना कुठली कुठे होती ती बघून ठेवायची.

अबोली
माझी एक गोष्ट. आमच्या आधीच्या गाडीला डिस्क, पॅड, पिना सगळं झालं तरी थोडी थरथर राहिलीच. पर्वरीला पुलाचं काम सुरू असताना रोज त्या खड्ड्यांतून जाणं व्हायचं. शेवटी एका जुन्या मिस्त्रीने लोअर आर्मचा मागचा बुश फाटलेला दाखवला, रबर लोखंडापासून सुटलेलं. तो बदलला आणि संपलं. तेव्हा @शेवंती ताई, गाडी वर घेतलीच आहे तर बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड टॉर्च मारून बघायलाच लावा.

लोखंडी_नट
@अबोली बरोबर. बुश स्वतः थरथर निर्माण करत नाही सहसा, पण डिस्कमधला जो फरक चांगल्या बुशने पचवला असता तो फाटलेला बुश जसाच्या तसा स्टिअरिंगला देतो. दोन्ही बघायचं. फक्त बुश बदलून डिस्क तशीच ठेवली तर हात शांत होतील पण पेडल धडधडत राहील.

@शेवंती ज्या गॅरेजात नेणार तिथे डायल गेज आहे का हे आधी विचारा. चुंबकाच्या स्टँडवर लावून, डिस्क नटांनी हबला आवळून, हाताने फिरवून सुई किती हलते ते बघायचं. कडेपासून साधारण १० मिमी आत लावायची. बहुतेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ०.०५ ते ०.१ मिमीच्या आसपास मर्यादा दिलेली असते. त्याच्या वर गेली तर डिस्क काढून, हबचा चेहरा वायर ब्रशने आणि एमरीने चकचकीत करून परत बसवून मोजायची. तरी जास्त आली तर डिस्क एक भोक पुढे फिरवून बसवायची. चार नटांची असेल तर चार जागा, एखाद्या जागी हबचा तिरकेपणा आणि डिस्कचा तिरकेपणा एकमेकांना खातो. पैसा न लागणारं काम आहे हे, अर्धा तास लागतो.

मग मायक्रोमीटरने डिस्कची जाडी सात-आठ ठिकाणी. किमान जाडी डिस्कच्या टोपीवर किंवा कडेला कोरलेली असते, गंज पुसला की दिसते.

पाटोवरचा
गोव्यात डायल गेजवाला गॅरेज शोधण्यापेक्षा नवीन डिस्क स्वस्त पडेल. 😅

घाटमाथा
@पाटोवरचा गेज स्वतः घेतलं तरी डिस्कच्या जोडीपेक्षा कमीत येतं. आणि जिथे लेथ आहे तिथे गेज असतंच. आपल्याकडे खाणी होत्या तेव्हापासून डिचोली, उसगाव, कुडचडे भागात लेथची दुकानं काय कमी आहेत? टिप्परची कामं केलेली माणसं आहेत ती, तुमच्या हॅचबॅकची डिस्क म्हणजे त्यांना किरकोळ.

कुळागर
@घाटमाथा खरं. उसगावात एक म्हातारे कामत होते—नाव जाऊ दे, ते गेज न लावता खडूने सांगायचे. डिस्क फिरवत खडू स्थिर धरायचा, जिथे खूण उमटते ती उंच बाजू.

शेवंती
मंडळी, अपडेट. शनिवारी गाडी डिचोलीला नेली, ज्यांच्याकडे लेथ आणि गेज दोन्ही आहे. मी पूर्ण वेळ उभी राहून बघितलं, त्यांनीही हौसेने दाखवलं.

पहिलं म्हणजे नट. उजव्या पुढच्या चाकाचे दोन नट पान्यावर उभं राहिल्याशिवाय सुटले नाहीत आणि एक साध्या झटक्यात सुटला. चाक काढल्यावर उजवीकडचा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा निम्म्याहून पातळ. खालची पिन अक्षरशः पक्कडने फिरवत काढावी लागली, टोपीत लाल चिखल. डिस्कवर गेज लावलं तर सुई ०.१४ पर्यंत. डिस्क काढल्यावर हबवर गंजाची कड होती, नखाला लागेल एवढी. ती साफ करून परत बसवली तर ०.०७, एक भोक फिरवली तर ०.०४! सुई हलायची थांबलेली बघून मला इतका आनंद झाला की सांगू शकत नाही. डाव्या बाजूला सुरुवातीलाच ०.०५ होतं.

पण जाडी मोजली तेव्हा उजव्या डिस्कला ०.०३ चा फरक निघाला, आणि जाडी २०.४. कोरलेली किमान २०. लेथवर घेतली तर दोन्ही बाजू साफ होईपर्यंत २० च्या जवळ जाणार, म्हणाले करून देतो पण मग पुढच्या वेळी काही उरणार नाही. बुश ठीक आहेत, बॉल जॉइंट ठीक. आता लेथवर घेऊ की बदलू?

पाटोवरचा
मी पहिल्याच दिवशी काय म्हटलं होतं? 🙂

लोखंडी_नट
@पाटोवरचा डिस्क बदलायची हे तुमचं बरोबरच. पण पहिल्याच दिवशी बदलली असती तर नवी डिस्क त्याच गंजलेल्या हबवर, जाम पिनेच्या शेजारी आणि त्याच नटांनी बसली असती. मोजल्यामुळे आता ती टिकेल.

@शेवंती बदला. २०.४ ची डिस्क कापून २०.१ करण्यात अर्थ नाही, पातळ डिस्क लवकर तापते आणि पॅड झिजायच्या आतच ती मर्यादेखाली जाईल. २१ च्या वर असती तर लेथच सांगितली असती. दोन्ही बाजूंची जोडी बदला, एकच नाही, नाहीतर गाडी एका बाजूला ओढेल. पॅड पण नवीन, जुन्या डिस्कवर रुळलेले पॅड नव्या डिस्कवर नकोत.

गॅरेजकाका
नवीन डिस्कवर तेलाचा थर असतो गंज लागू नये म्हणून, ब्रेक क्लीनरने पुसून घ्यायला सांगा, पेट्रोलच्या फडक्याने नाही. नवी डिस्क बसवल्यावरही गेज लावायला लावा, नवीन आहे म्हणून सरळच असेल असं धरायचं नाही. आणि आतल्या पॅडचा पिस्टन मागे ढकलताना रबर बघा, पिस्टन हाताच्या दाबाने एकसारखा मागे गेला पाहिजे.

खाजन
एक विचारायचं राहिलं, ब्रेक ऑइल कधी बदललंय?

शेवंती
@खाजन माझ्या आठवणीत तरी नाही. बरणीत काळपट दिसतं.

खाजन
मग आत्ताच बदला. थरथरीशी त्याचा संबंध नाही पण गाडी उघडलीच आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि आपल्या हवेत पाण्याला तोटा नाही. डॉट ३ नवीन असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषल्यावर तेच १४० पर्यंत खाली येतं. डॉट ४ चं २३० आणि १५५. घाट उतरताना ऑइल उकळलं तर आत वाफ होते आणि पेडल थेट खाली जातं. झाकणावर जे लिहिलं असेल तेच घाला, दर दोन वर्षांनी.

कुळागर
@खाजन हे मोठ्या अक्षरात लिहायला हवं. अनमोडला उतरताना आमच्या ओळखीच्या एकाचं पेडल असंच गेलं होतं, नशीब पुढे चढ होता. थरथरीला लोक घाबरतात आणि काळ्या पडलेल्या ऑइलकडे बघत नाहीत.

शेवंती
दोन्ही डिस्क, पॅड, ऑइल, चारी पिना साफ आणि उजव्या बाजूच्या नव्या रबरी टोप्या, सगळं झालं. बसवल्यावर उजवीकडे ०.०३, डावीकडे ०.०२. आज पुलावरून ८० ला ब्रेक मारला, स्टिअरिंग एकदम स्थिर. पण ब्रेक जरा कमी पकडल्यासारखे वाटतात, नॉर्मल आहे का?

घाटमाथा
नॉर्मल. रुळायला वेळ लागतो. ३००-४०० किलोमीटर आरामात चालवा, जोरात ब्रेक लागेल असं अंतर ठेवू नका.

लोखंडी_नट
@घाटमाथा नुसतं आरामात चालवून थर नीट बसतोच असं नाही. मी म्हणेन मुद्दाम रुळवा. पहाटे रस्ता रिकामा असताना ६० वर जाऊन मध्यम जोराने २० पर्यंत आणायची, पूर्ण थांबवायची नाही, परत ६०. आठ-दहा वेळा, मध्ये थोडं अंतर देऊन. मग ब्रेक न मारता काही किलोमीटर चालवून गार करायची. पॅडचा पातळ एकसारखा थर सगळ्या डिस्कवर बसतो. वास येईल थोडा, घाबरू नका. पॅडच्या खोक्यात कागद असेल तर त्यात दिलंय तसं करा, ते माझ्यापेक्षा वरचं.

गॅरेजकाका
दोघांचं मिळून करा. नट्या म्हणतो तसं एकदा रुळवा आणि मग घाटमाथा म्हणतात तसं महिनाभर अंतर ठेवून चालवा. चोर्ल्याला लगेच जाऊ नका. 

शेवंती
करते उद्या पहाटे. शेवटचा प्रश्न. पुढच्या वेळी पंक्चर निघालं आणि त्याने परत गनने नट मारले तर? दर वेळी डिचोलीला कुठे जाणार.

गॅरेजकाका
त्याला सांगायचं, गन फक्त सोडायला वापर, आवळायचं हाताने. बहुतेक जण ऐकतात, मान देऊन सांगितलं तर. नट आधी सगळे बोटांनी बसवायचे, चाक हवेत असताना पान्याने हलके आवळायचे समोरासमोरच्या क्रमाने, गोल फिरत नाही. मग जॅक सोडून चाक जमिनीवर टेकलं की पक्के. टॉर्क पाना असेल तर उत्तम, आपल्या छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटरच्या मध्ये असतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. गन सहज त्याच्या दुप्पट मारते.

रानमोगी
काका कोनसेटच होता! ग्रीस सुकलं होतं, बदलून टाकलं. आता हँडल लोण्यात. आणि टॉर्क पाना गाडीत नसेल तर?

गॅरेजकाका
@रानमोगी गाडीसोबत येणारा पाना असतो ना, त्याच्या टोकाला एका हाताने पूर्ण जोर लावून जेवढं बसेल तेवढं. पाय द्यायचा नाही, पाइप घालून लांब करायचा नाही. आणि ५०-१०० किलोमीटर चालल्यावर, चाक गार असताना, चारी नट परत एकदा बघायचे, नवीन डिस्क बसवली असेल तर नक्कीच. @शेवंती, तुमचेही या रविवारी बघून घ्या.

शेवंती
हो काका, रविवारी सकाळी बघते. वडिलांच्या गाडीचे पण बघते, त्यांचेही टायर त्याच दुकानात बदललेत.